फुकटचा राउटर

परदेशात वेल्डरची नोकरी धरून भाऊंना चार महिने झाले होते, तरी रोज सकाळी बूट चढवताना ते बायकोला म्हणायचे, "इथलं काही खरं नाही, आपण परत जाऊ."

घरी इंटरनेट घ्यायला दोघं दुकानात गेली. भाऊंनी महिन्यापुरताच प्लॅन मागितला.

"दोन वर्षांचा घेतलात तर राउटर फुकट," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"दोन वर्षं इथं राहणार कोण?" भाऊ बायकोच्या कानात पुटपुटले.

"मी," बायको म्हणाली आणि सही ठोकून मोकळी झाली.

रस्ताभर भाऊ राउटरचा खोका काखेत मारून धुसफुसत चालले. राउटरचे दिवे लागताच मात्र त्यांनी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि छाती फुगवून सांगितलं, "आई, दोन वर्षं इथंच राहायचं ठरवलंय मी!"

बायकोने हसू दाबत मान डोलावली.