‘वा’पासून सुरू होणारा शब्द

नदीकाठच्या पंपघरात एकवीस वर्षं मोटारी चालवणाऱ्या त्या माणसाला पाणीपुरवठा खात्यात कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे त्याला वाहवा म्हणत. तो अडखळत बोलायचा. सोमवारच्या मीटिंगला उभा राहिला की ‘वा... वा...’ करत तिथेच अडकायचा, आणि मागच्या खुर्चीवरून कुणीतरी टाळी वाजवून ओरडायचं, “वाहवा! वन्स मोअर!” हशा पिकायचा. तोही हसायचा. न हसून बिचाऱ्यानं काय केलं असतं?

खात्याचे इंजिनिअरसाहेब मात्र हसत नसत. माणूस सज्जन, आणि तेच नडलं. समोरच्याची तारांबळ त्यांना बघवायची नाही, म्हणून ते त्याचं वाक्य स्वतःच पूर्ण करून टाकत. “वाइंडिंग ना? मोटारीचं वाइंडिंग जळलंय. कळलं. बसा.” वाहवा मान हलवायचा. ती आडवी की उभी, हे बघायला साहेबांना सवड कुठे होती? मोटार तांब्याच्या तारेचं नवं वाइंडिंग भरायला जायची, वरच्या वस्तीचे नळ चार दिवस कोरडे पडायचे आणि रिकाम्या बादल्या घेऊन दारात आलेली माणसं साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. दर उन्हाळ्याला हेच.

मग साथ आली आणि मीटिंग मोबाइलवर गेली. पंपघरातून आवाज धड पोचत नव्हता, म्हणून साहेबांनी फर्मान काढलं, ज्यानं त्यानं आपलं म्हणणं लिहून पाठवायचं. पहिल्याच सोमवारी वाहवाचा मजकूर आला. कुठेही न अडखळता.

“वाळू. नदीचं पाणी पंपाच्या विहिरीत येतं त्या तोंडाची जाळी फाटली आहे. वाळू पंपात जाते, पंप जड चालतो, म्हणून मोटार जळते. वाइंडिंगचा दोष नाही. जाळी बदला.”

साहेब घरात पलंगावर बसले होते, वर इस्त्रीचा शर्ट, खाली लेंगा. ते तसेच ताडकन उभे राहिले. हा माणूस इतकं सरळ बोलू शकतो? त्यांनी जरा रागानंच लिहिलं, “मग आजवर लिहून का दिलं नाहीत?”

“रोज देतो. पंपाच्या नोंदवहीत, शेऱ्याच्या रकान्यात.”

दुसऱ्या दिवशी मास्क लावून साहेब ओस पडलेल्या ऑफिसात गेले. कपाटातून वह्या ओढल्या. आठ वर्षांच्या निघाल्या. तारीख, चालू वेळ, बंद वेळ, आणि शेवटच्या रकान्यात बारीक, नेटक्या अक्षरात एकच शब्द. वाळू. पान उलटलं. वाळू. दर शनिवारच्या ओळीखाली ‘पाहिले’ असा शिक्का आणि त्यावर सही. सही त्यांची स्वतःची होती. पाहिलं काय, कपाळ! डोळे उघडे ठेवून आठ वर्षं झोपलो होतो आपण. त्यांना स्वतःची शिसारी आली.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. “आठ वर्षं मी त्याला बोलूच दिलं नाही गं!”

“मला नाही नवल वाटलं,” ती म्हणाली. “आपलं लग्न ठरलं तेव्हा मी तुम्हाला सांगत होते की मला—”

“मी आवडतो म्हणून!” साहेब बोलून गेले.

“बघा! परत तेच!” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. बावीस वर्षांपूर्वी ती काय सांगत होती, हे साहेबांना खरंच माहीत नव्हतं.

जाळी बदलली, विहिरीतली वाळू उपसली. त्या उन्हाळ्यात मोटार जळली नाही.

साथ ओसरली. वरून हुकूम आला, मीटिंगा पूर्ववत खोलीत घ्या. त्याच दुपारी वाहवाचा मजकूर आला. “साहेब, मीटिंग मोबाइलवरच राहू द्या. खोलीत मी परत मुका होईन.”

‘मुका’ या शब्दाशी साहेब थबकले. मुका तो नव्हता, बहिरे आपण होतो. हुकूम मोडणं त्यांच्या हातात नव्हतं, पण नियम करणं होतं. दहा वाजेपर्यंत सगळ्यांनी लिहून पाठवायचं, अकराला खोलीत भेटायचं, आणि दुसऱ्याचं वाक्य कुणीही पूर्ण करायचं नाही. साहेबांनीसुद्धा. पुढच्या सोमवारी सकाळी पाहतात तो काय, मीटर वाचणाऱ्या बाईंनीही दीड पान लिहिलं होतं. त्यांचा आवाज तर साहेबांनी कधी ऐकलाच नव्हता.

एरवी दोन तास चालणारी मीटिंग अर्ध्या तासात उरकली. लोक उठायला लागले, तेवढ्यात वाहवा उभा राहिला. लोक परत बसले.

“वा... वा...”

मागे कुणीतरी खाकरलं. साहेबांनी वळून असं पाहिलं की खाकरणं घशातच राहिलं. वाहवाच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. शब्द साहेबांच्या जिभेवर तयार होता. वाळू! पुन्हा आली वाटतं. त्यांनी ओठ घट्ट दाबले. भिंतीवरच्या घड्याळात सेकंदकाटा एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरायला लागला.

“वा... वाट पाहिलीत,” वाहवा म्हणाला, “साहेब.”

आणि खाली बसला.