जोड कुठे घ्यायचा

लग्नाच्या पंगतीत कोणीतरी मला हमखास विचारतं, "तू ते क्वांटमवालं करतेस ना? दोन कण लांब गेले तरी एकाला टोचलं की दुसऱ्याला दुखतं, तसं?" शेजारचा लगेच नवरा-नवरीकडे बोट दाखवतो, "हे बघ, एंटँगलमेंट!" माझं डोकं फिरतं. एका चुलतभावाला तर मी भरल्या पानावर सुनावलं होतं की कणांना दुखत नाही, ते प्रेमात पडत नाहीत, आणि माझ्या वीस वर्षांच्या कामाची लग्नपत्रिका करू नकोस. आईने कोपर मारून मला गप्प केलं होतं.

हा माझा तोरा मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात त्याचाही हात आहे.

माझं काम अणुकेंद्रांचं आहे. अणूच्या पोटात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीने राहतात, आणि त्यातला प्रत्येक जण बाकी सगळ्यांशी बांधलेला असतो. हे बांधलेपण म्हणजेच ती एंटँगलमेंट; मराठीत तिला गुंफण म्हणतात. तिची गंमत अशी की सगळं मिळून काय चाललंय हे पक्कं माहीत असू शकतं, आणि तरी एकच भाग वेगळा काढून विचारलं तर तो धड काही सांगू शकत नाही. माहिती कोणा एकाकडे नसते, दोघांच्या मधे असते. असं अख्खं केंद्रक एका दमात सोडवता येईल एवढा मोठा संगणक नाही. म्हणून आम्ही कागदावर त्याचे दोन भाग करतो, दोन्ही वेगवेगळे सोडवतो, आणि मधले महत्त्वाचे धागे तेवढे ठेवून बाकीचे सोडून देतो. गुंफण सैल असेल तिथे कापलं तर थोड्या धाग्यांत भागतं. घट्ट असेल तिथे कापलं तर वाट लागते. आणि वाईट म्हणजे मशीन ओरडत नाही. चुकीचं उत्तरही दशांश चिन्हापुढच्या आठ आकड्यांसकट नीटनेटकं हातात ठेवतं.

हे सगळं मी एकदा बाबांना समजावलं होतं. बाबा मूळचे मालवणाकडचे, आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर मरोळच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर लोखंडाचे जॉब कातायला. पेपरात माझं नाव आलं की घडी घालून ठेवायचे, पण काम काय ते कळत नाही म्हणून खंतावायचे. बोरिवलीच्या घरी, खिडकीपाशी, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे जॉब मोठो आसा, एका सेटिंगात बसणा नाय. दोन तुकड्यांत करूचो आणि जोड देवचो."

"अगदी तसंच, बाबा."

"मगे जोड खय घेतलंस त्येच्यार सगळा आसा. लोड येता थय जोड घेवचो नाय."

मोठमोठ्या परिषदांमध्ये इतका नेमका शेरा मला कोणी दिलेला नाही. मी तो चहाबरोबर सहकाऱ्यांना ऐकवायचे, आमचे बाबा बघा म्हणून मिरवायचे.

त्या घरात दोघंच राहत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सकाळी उठल्यापासून भांडण. भांडणाचा विषय बहुतेक गोळ्या. आईला साखर, बाबांना रक्तदाब, आणि दोघांच्या गोळ्या एकाच पत्र्याच्या डब्यात. आईच्या गोळ्या बाबा काढून द्यायचे, बाबांच्या आई. स्वतःची गोळी कुठली हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. "तू माझी दिलंस नाय", "दिलंय, तुमीच खाल्ल्यात नाय", हे अर्धा तास. मग बाबा मासळी आणायला निघायचे. सोमवारी आणि गुरुवारी आई मासे शिवायची नाही, तेव्हा ते पिशवी घ्यायला गेले की आतून आवाज यायचा, "आज वार काय?" बाबांना वार कळायचा तो असा. कॅलेंडर भिंतीवर होतं, पण ते दूध किती आलं ते लिहायला.

गावाकडची गोष्ट सांगायची तर तीही दोघं मिळून. आईला माणसं आठवायची, बाबांना जागा. "तो नाय काय, ज्येची म्हस मेली..." आई म्हणायची आणि थांबायची. बाबा पेपरातून मान वर न करता, "व्हाळापलीकडचो." मग आई पुढे. मला लहानपणी वाटायचं सगळ्यांचे आई-बाप असेच बोलतात.

गणपती होऊन पंधरा दिवस झाले असतील. आई बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी आणि माझा भाऊ उभे होतो. तो मुलुंडला राहतो, मी पार्ल्याला. आईला तीन मजले चढणं शक्य नव्हतं, बाबांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं.

"आई तुझ्याकडे, बाबा माझ्याकडे," भाऊ म्हणाला. "दोघं एकाच घरात नाही झेपणार कोणाला. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"राहतील ना वेगळे?"

"अगं, तसंही दोघांचं बोलणं कुठे होतं? नुसती कचकच. आईला जरा शांतता मिळेल."

मला पटलं. दहा मिनिटांत ठरलं. एरवी एक केंद्रक कापायचं तर मी आठवडाभर तपासत बसते, इथून कापू की तिथून, किती धागे तुटतील. इथे मी काहीच तपासलं नाही. पंगतीतल्या त्या लोकांसारखं आई-बाबांकडे बघायचं नाही, हा माझा हेका होता. माणसं म्हणजे कण नव्हेत, हे मी इतक्यांदा बजावलं होतं की माणसांना कापण्याआधीही तपासावं लागतं हे डोक्यातच आलं नाही.

निघताना बाबांनी विचारलं, "गोळ्यांचो डबो?" आम्ही हसलो. दोन नवे डबे आणले होते, वारांचे खण पाडलेले, एक मुलुंडला, एक पार्ल्याला.

रोज संध्याकाळी आम्ही दोघांना व्हिडिओवर समोरासमोर बसवायचो.

"जेवलंस?"

"होय."

"बरा."

झालं. बाबा फोन भावाच्या हातात द्यायचे. मी दर वेळी बघायचे आणि मनात म्हणायचे, बघ, यांना एकमेकांशी बोलायचंच नसतं. माझ्या निर्णयाला रोज संध्याकाळी पुरावा मिळत होता.

दीड महिन्याने भावाचा फोन आला. बाबा विसरायला लागले होते. गोळी घेतली की नाही सांगता येत नव्हतं. दुपारी पिशवी घेऊन दारात उभे राहायचे आणि कुठे जायचं ते कळायचं नाही. त्याने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने विचारलं, आज वार कोणता? बाबा म्हणाले, "घरात विचारून सांगतंय." डॉक्टर हसला नाही. त्याने स्मृतीचा आजार सुरू झाल्याचं सांगितलं, औषध लिहून दिलं. पुढे बाबा फोनसमोर बसेनासे झाले, आणि संध्याकाळचा व्हिडिओही बंद पडला.

"बोरिवलीत असताना तर ठणठणीत होते," भाऊ म्हणाला.

मी म्हणाले, वय झालंय, होतं असं. हे बोलताना मी ऑफिसमध्ये होते आणि माझा एक डोळा स्क्रीनवर होता, हेही सांगायला हवं.

इकडे आई जेवेनाशी झाली. चालण्याचे व्यायाम करून घ्यायला बाई यायच्या, त्यांच्यासमोर भिंतीकडे तोंड करून पडायची. बुद्धी मात्र लखलखीत. कधी बोलायला लागली तर, "त्या वर्साक आमी गावाक गेलाव, तेव्हा तो मास्तर..." आणि थांबायची. मी वाट बघायचे. तीही वाट बघायची. मग डोळे मिटून घ्यायची. मला वाटायचं, दमली. ती बाबांसाठी थांबत होती हे मला, तिच्या पोटच्या मुलीला, कळलं नाही.

एकदा तिने स्पष्ट विचारलं. "माका बोरिवलीक ने."

"आई, तीन मजले. कसं नेणार?"

"मगे त्यांका हय हाड."

हॉलमध्ये तिचा पलंग होता, आतल्या खोलीत मी आणि माझी कागदपत्रं. बाबांना आणायला जागा करता आली असती. मी म्हणाले, "ह्या महिन्यात नको गं आई. माझा पेपर जर्नलला जायचाय." ती बरं म्हणाली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. आईने माझ्याकडे हट्ट धरला असता तर मी ऐकलं असतं, असं मी स्वतःला सांगत असे. तो तिच्यावर ढकललेला दोष आहे. तिने मागितलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं.

तो पेपर ज्या केंद्रकाचा होता त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन सारखेच होते. मी नेहमीच्या सवयीने प्रोटॉन एका बाजूला, न्यूट्रॉन एका बाजूला असं कापलं होतं. न्यूट्रॉन बरेच जास्त असले तर ही पद्धत झकास चालते, कारण तेव्हा दोन गटांमधली गुंफण सैल असते. दोन्ही सारखे असले की तीच गुंफण घट्ट होते. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. तरी मी तिथेच कापलं. उत्तर नीटनेटकं आलं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीने धागे वाढवून बघितले तेव्हा उत्तर हललं, आणखी वाढवले तर आणखी हललं. ती बिचकत सांगायला आली, "मॅडम, कट बहुतेक चुकीच्या जागी आहे." मी तिच्यावर खेकसले. मग दार लावून बसले आणि दोन दिवसांत वेगळ्या जागी कापून सगळं दुरुस्त केलं. उत्तर स्थिर झालं.

त्या दुपारी कॅंटीनमध्ये चहा घेताना मला एकाएकी रडू आलं. लोकांना वाटलं काम फत्ते झालं म्हणून. मी भावाला फोन लावला.

"बाबांना घेऊन ये. आजच."

"आज कसं? रविवारी आणतो. काय झालं?"

"आपण चुकीच्या जागी कापलं रे."

"तू रडतेयस का?" त्याने विचारलं.

रविवारपर्यंत मी हॉल आवरला. बाबांसाठी दुसरा पलंग आणला, आईच्या पलंगाला लागून. बोरिवलीहून पत्र्याचा डबा आणला. मी आशेवर होते, आणि त्या आशेला माझंच शास्त्र नाही म्हणत होतं. अणुकेंद्राचं बरं असतं. मी कुठे कापलं, किती धागे टाकले, त्याला पत्ताही नसतो; ते जसंच्या तसं असतं, चुकतं ते माझं गणित, आणि गणित पुन्हा मांडता येतं. खरोखरच वेगळे केलेले भाग मात्र आपापल्या आजूबाजूशी गुंतत जातात, आणि जुनी गुंफण त्यात विरून जाते. नंतर ते शेजारी आणून ठेवले म्हणून ती परत येत नाही. मी हे वर्गात फळ्यावर शिकवते.

भाऊ बाबांना घेऊन अकराला आला. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. चार महिन्यांत निम्मे झाले होते. आई त्या सकाळी स्वतःहून उठून उशीला टेकून बसली होती, मला वेणी घालायला लावली होती. बाबांनी दारातच चपला काढल्या, आत आले, आणि पाहुण्यांच्या घरी बसावं तसे खुर्चीच्या कडेवर बसले. आईकडे बघून हसले. ते हसू चांगलं होतं, सभ्य होतं.

"तुमी खंयच्या?" त्यांनी विचारलं.

भाऊ पुढे व्हायला लागला. आईने हात वर करून त्याला थांबवलं.

"मालवणाकडची," ती म्हणाली.

"मी पण थयलोच," बाबा खूश झाले. "घराक कोण कोण आसा तुमच्या?"

आईने एकदाच माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला सोसला असता.

"घोव आसा माझो," ती म्हणाली. "भायर गेलोहा. येतलो एवढ्यात."

बाबांनी मान हलवली. खुर्ची थोडी पुढे ओढली, तिच्या पलंगापाशी.

"मगे तो येयसर मी हयच बसतंय," ते म्हणाले. "आजारी माणसान एकट्यान ऱ्हवचा नाय."

"बसा," आई म्हणाली.