बातम्यांशी बोलणारी आत्या

बातम्या ऐकणारी माणसं घरोघर असतात. बातम्यांशी बोलणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, ते म्हणजे माझी आत्या. नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला तिचा शेवंतीचा मळा आहे. फुलं बाजारात देऊन आली की ती टीव्हीसमोर बसते. निवेदकानं नमस्कार केला, की ही पदर सारखा करून हात जोडते. हवामान सांगणाऱ्या मुलीनं गारांचा इशारा दिला, तर तिला विनवते, "थोडा दम धर ना माय, आमची तोडणी राहिली हाय." चर्चेत कुणी फार ओरडू लागलं की आवाज बारीक करते, आपल्या कानांसाठी नव्हे, "त्याचा घसा बसंल" म्हणून. घोटाळ्यात अडकलेल्या कुठल्याशा साहेबाला एकदा तिनं जेवण होईपर्यंत झापलं, आणि मग त्याचा उतरलेला चेहरा पाहून स्वतःच हळहळत बसली.

गेल्या हिवाळ्यात कळवणकडच्या एका गावची लहान मुलगी आठवडी बाजारात हरवली. संध्याकाळपर्यंत चॅनेलवाल्यांनी तिच्या आईलाच धरलं. ती बिचारी ओट्यावर दगडासारखी बसलेली, आणि खाली लाल अक्षरांत सवाल: आई रडत का नाही? आत्याकडे शेजारच्या बायका जमल्या होत्या.

"पोटची पोर गेली अन् डोळ्याला टिपूस नाय," एक म्हणाली. "हिनंच कायतरी केलं असंल."

आत्यानं टीव्ही बंद केला. "आमचे हे गेले तव्हा तेराव्यापर्यंत मी रडले नाय. मग काय मीच मारलं का त्यांना?"

आत्या माझ्याकडे वळली. "सकाळची कळवणची गाडी बघ रे."

ओळख ना पाळख, आणि आम्ही भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन त्या दारात उभे! बाहेर कॅमेऱ्यांची ही गर्दी. एका पोरगेल्या वार्ताहरानं आत्यासमोर माईक धरला, "आजी, आई काही लपवतेय असं वाटतं का?"

आत्यानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू सकाळपासून उपाशी दिसतोस. भाकर खातो का?"

त्याचा माईक आपोआप खाली आला.

आत गेल्यावर तिनं त्या बाईला काहीच विचारलं नाही. शेजारी बसून तिचे केस विंचरू लागली. वेणी घालून होत आली तेव्हा ती बाई म्हणाली, "पिशवी घ्यायला हात मीच सोडला, मावशी."

"हात सगळ्यांचेच सुटतात गं बाई," आत्या म्हणाली आणि तिला घास भरवला.

दुपारी पोलिसांचा फोन आला. पोर चुकीच्या एसटीत बसून नामपूरला पोचली होती. कांदा विकायला आलेल्या एका जोडप्यानं तिला घरी नेऊन निजवलं होतं. भेदरलेल्या पोरीनं सकाळी कुठं गावाचं नाव सांगितलं, तशी त्यांनी तिला चौकीत पोचवली. पोरीला आणणारी पोलिसांची जीप यायला अवकाश होता, तरी ती आई अनवाणी रस्त्यापर्यंत धावत गेली. तिच्यामागे सगळे कॅमेरे.

मी म्हटलं, "आत्या, थांबू या ना, पोरीला बघून जाऊ."

"त्यांची भेट हाय ती," आत्यानं रिकामं फडकं झटकून घडी केलं. "आपण कशाला मधी?"

परतीच्या एसटीत वणी यायच्या आधीच माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती झोपली. लहानपणी जिच्या कडेवर बसून मी अख्खा मळा हिंडलो, ती आत्या इतकी हलकी कधी झाली, ते मला कळलंच नव्हतं. नाशिक येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.