मशेरीखालचं हसू

शेजारी कुणी तव्यावर मशेरी भाजली की तो करपट वास मला पेणच्या दातांच्या दवाखान्यात नेतो. आई मिठागरावर राबायची. मशेरीने तिचे दात काळे पडलेले, म्हणून हसताना ती तोंडाला पदर लावायची. रोह्याला माझं लग्न ठरलं, तेव्हा पाहुण्यांसमोर हसता यावं म्हणून तिने आगरातलं खडेमीठ घासून हिरड्या सोलून घेतल्या. मी तिला पेणला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, मिठाने दात झिजतात. मशेरी सोडा, मी साफ करते." मशीन घरघरलं, काळा थर निघत गेला. आईने आरसा धरला आणि पदर न लावता हसून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "गो, ही तर माझी आय हसतेय." मी कधीच न पाहिलेली आजी मला त्या दिवशी दिसली. आता रोज सकाळी ब्रश करताना माझ्याच आरशात दिसते.