काकांची डबी

अख्ख्या अनसिंग गावात कोणाचं पोट आज कसं साफ झालं, हे त्या पोटाच्या मालकाआधी आमच्या समोरच्या काकांना कळतं, असं मी शपथेवर सांगायला तयार आहे. काका जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. जन्मभर शेण बघून त्यांनी गाईम्हशींची दुखणी ओळखली; निवृत्त झाल्यावर माणसांकडे वळले, एवढंच. लग्नाच्या पंगतीत, पानात बुंदी पडत असताना ते शेजारच्याला मायेनं विचारतात, "काय बापा, आज रंग कसा होता?" शेजारचा बिचारा हात धुवायला पळतो.

काकू आतड्याच्या कॅन्सरनं गेल्या, तेव्हापासून या चौकशीला धार आली. आणखी कोणी तसं जाऊ नये, हा एकच ध्यास. त्यात त्यांनी पेपरात वाचलं, की आतड्यातल्या काही जंतूंच्या आत आणखी बारीक विषाणू राहतात आणि हा कॅन्सर झालेल्यांत ते जास्त सापडतात. झालं! "भाडेकरूच्या घरात भाडेकरू!" म्हणत गावभर फिरले. मी डिवचलं, "म्हणजे त्याच्यानंच कॅन्सर होते का?"

"ते अजून ठरलं नाही. तो चोर हाये, का चोराच्या घरी नुसता राह्यते, हे शोधून राह्यले शास्त्रज्ञ. तवरक आपण संडासात रक्त पडते का, ते तं पाहू!"

मग वाशीमच्या लॅबमधून प्लॅस्टिकच्या डब्या आणून त्यांनी घरोघर वाटल्या. यात शौचाचा नमुना द्या, मी तपासून आणतो! पण नमुना द्यायची सगळ्यांनाच लाज, आणि शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायची आमच्याकडे रीत नाही. आठवड्यात डब्या परत आल्या त्या साखर, तूरडाळ, लिंबाचं लोणचं भरून. मीही शेंगदाण्याची चटणी पाठवली. खरं तर मला अधूनमधून रक्त पडायचं, पण मूळव्याध असेल म्हणून मी गप्प होतो. काकांनी चटणी भाकरीशी खाल्ली आणि दोन कोऱ्या डब्या घेऊन आमच्या ओट्यावर ठाण मांडलं. "चटणी झकास होती. आता मांगतलं ते दे. मी उठत नाही."

शेवटी बायको वैतागली, "द्या जी एकदाचं! चहा करून करून मी थकली."

दिलं. नमुन्यात रक्त निघालं. अकोल्याला दुर्बीण घातली, तर आत बोराएवढी गाठ. कॅन्सर झाला नव्हता. राहू दिली असती तर पुढं होऊ शकला असता, असं म्हणून डॉक्टरांनी ती काढून टाकली. घरी आल्यावर उरलेल्या कोऱ्या डबीत पेढा कोंबून मी काकांकडे गेलो. त्यांनी झाकण उघडलं आणि डबी मांडीवर ठेवली.

"पुरा गाव इचारला मी," ते म्हणाले. "तुह्या काकूलेच नाही इचारलं. मूळव्याध म्हणून दोन वर्सं अंगावर काढलं तिनं. मले वाटलं, इचारलं तं लाजन बिचारी."

मला रडू आलं. पेढा आम्ही अर्धा अर्धा खाल्ला.

आता रोज सकाळी काका फाटकातून विचारतात, "काय रे, कसं झालं?" पूर्वी मी आत पळायचो. आता भर रस्त्यात ओरडतो, "झकास, काका!" गल्ली खो खो हसते. काकूंनी एकदा तरी असं ओरडून सांगायला हवं होतं, असं मनात येतं, आणि मी आणखी मोठ्यांदा ओरडतो.