डावीकडून चौथा

माणूस गाव सोडतो, पण गाव माणसाला सोडत नाही. हे वाक्य मी बडोद्याच्या मराठी मंडळात, गणेशोत्सवात, तीन वेगवेगळ्या वर्षी बोललो आहे आणि तिन्ही वेळा टाळ्या घेतल्या आहेत. प्रत्यक्षात महाडने मला सकाळी साडेसहाच्या मुंबई गाडीत बसवून दिलं आणि गाडी गांधारीच्या पुलावर पोचायच्या आत ते आपल्या कामाला लागलं असणार. मीही लागलो.

त्या सकाळी स्टँडवर तीन माणसं आली होती. आई, बाबा आणि सहदेव. आईने चपात्यांचं फडकं खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "पत्र टाक, नाहीतर नको टाकू, पण उपाशी झोपू नको." बाबा म्हणाले, "मागे वळून बघू नको. मान अवघडते." या वाक्यात खोल अर्थ आहे असं मला पुढे बरीच वर्षं वाटत असे. बाबांना मानेचा त्रास होता, एवढंच.

सहदेव माझ्या वर्गातला. पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीचा, शाळेसाठी महाडच्या वसतिगृहात राहणारा. त्याने माझी पत्र्याची ट्रंक टपावर चढवली, दोरी दोनदा ओढून बघितली आणि खाली उतरून हात झटकले. अंगात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट होता आणि तो त्याला नीट बसला होता. मला तो मोठा झाला होता, बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. हे मला माहीत असायचं कारण म्हणजे चार महिन्यांपूर्वी, दहावीच्या ग्रुप फोटोत, तो मी घातला होता.

फोटोच्या दिवशी हेडमास्तरांचा हुकूम होता: पांढरा शर्ट, पूर्ण बाह्या, इस्त्री. माझ्याकडे तिन्ही गोष्टी होत्या. शाळेच्या वाटेवर डब्याचं झाकण निघालं आणि वालाची आमटी छातीपासून पोटापर्यंत उतरली. पी.टी.च्या सरांनी मला रांगेतून बाहेर काढलं. सहदेवचा शर्ट कोरा होता. मुंबईत गिरणीत असलेल्या त्याच्या थोरल्या भावाने तो खास या फोटोसाठी गावच्या कुणाबरोबर पाठवला होता. सहदेव मला मैदानाच्या कडेला टांगलेल्या घंटेमागे घेऊन गेला आणि बटणं सोडू लागला.

"काढ तुझा. पहिल्या फोटोला तू घाल, दुसऱ्याला मी. दोन काढतात."

मागच्या वर्षी दोन काढले होते, तेव्हा त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मी मधल्या रांगेत डावीकडून चौथा उभा राहिलो. फोटोग्राफरने काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "झालं. मला पाचाडला लग्नाला पोचायचंय." दुसरा फोटो निघालाच नाही. सहदेव माझा आमटीचा शर्ट घालून घंटेजवळ उभा होता. मी घाईघाईने त्याच्याकडे गेलो तर म्हणाला, "ऱ्हाव दे रे. फोटोतला शर्ट तरी माझाच हाय ना."

मी हसलो, कारण मला तो विनोद वाटला. पुढची काही वर्षं तसाच वाटत राहिला.

बडोद्याला मामा होते. त्यांनी कंपनीत चिकटवलं. यंत्रातून निघालेल्या भागांची मापं तपासायची, चूक असेल तर लाल खूण करायची, हे काम मी छत्तीस वर्षं केलं. तिथेच लग्न, तिथेच सोसायटीत फ्लॅट. मराठी बोलताना मध्येच गुजराती "ने" आणि "बस" येऊ लागलं, आमटीत गूळ वाढला, मुलं एकमेकांशी गुजरातीत भांडू लागली आणि आम्ही मध्यस्थी करताना गुजरातीतच करू लागलो. सहदेवची दोन पत्रं आली. एकात तो मुंबईला भावाकडे गेला होता, दुसऱ्यात भावाची गिरणी बंद पडून दोघे वाडीवर परत आले होते. दुसऱ्या पत्राला मी उत्तर दिलं की नाही, आठवत नाही. म्हणजे दिलं नाही. आईबाबांना मी बडोद्याला आणलं, ते तिथेच गेले. महाडचं घर विकायला एकदा जाऊन आलो. त्यानंतर जायचं कारण उरलं नाही, आणि कारण नसताना जायची मला सवय नाही.

मग गेल्या वर्षी आमच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत त्यांनाही असा ग्रुप असेलच. आमचा प्रकाशने काढला. प्रकाश शाळेत मागच्या बाकावर झोपत असे. आता तो बांधकामाची कंत्राटं घेतो आणि त्याला सगळे भाऊ म्हणतात, त्याच्याहून मोठेसुद्धा. प्रकाशने स्नेहमेळावा जाहीर केला. मुख्य आकर्षण: दहावीच्या फोटोतला प्रत्येक जण पांढरा शर्ट घालून, त्याच जागी उभा राहून तोच फोटो पुन्हा काढणार. त्यासाठी जुना फोटो हवा होता. त्याने ग्रुपवर विचारलं, कुणाकडे आहे?

तीन दिवस उत्तरं येत होती. "पुरात गेला." "आमचापण." "फ्रेम सापडली, आत फोटो नव्हता." एकवीस सालच्या जुलैत महाडमध्ये तळमजल्याला जे होतं ते सगळं पाण्यात गेलं आणि लोकांचे अल्बम तळमजल्यालाच होते. जे गावात राहिले त्यांच्याकडे गावाचा कागदही उरला नाही. माझी ट्रंक बडोद्यात तिसऱ्या मजल्यावर कोरडी होती. मी लिहिलं, माझ्याकडे आहे. टाळ्यांचे एवढे हात आले की फोन गरम झाला.

सहदेवकडे तो फोटो कधीच नव्हता. ज्यात आपण नाही तो फोटो कोण विकत घेतो?

मी ठरवलं की जायचं आणि स्टेजवरून शर्टाची गोष्ट सांगायची. फोटोत ज्या जागी मी उभा राहिलो ती सहदेवची होती, हे एकदा माईकवर बोलायचं. माझ्या हातून राहिलेल्या गोष्टींत अजून करता येईल अशी एवढी एकच होती.

शाळेच्या फाटकात कमान होती, कमानीवर प्रकाशचा फोटो, आमचे त्याखाली, अंगठ्याएवढे. लेझीम होतं, ड्रोन होता. हॉलच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीच्याही वर, पुराच्या पाण्याची खूण ऑइलपेंटने रंगवली होती. प्रकाश प्रत्येकाला ती दाखवत होता, जणू तीही त्यानेच बांधली. मी वर्ग पाहिला, बाक पाहिले, खिडकीतून दिसणारा डोंगर पाहिला. काहीतरी वाटायला हवं होतं. मी थोडा वेळ थांबून पाहिलं, मग नाश्त्याच्या रांगेत गेलो.

"वळखलंस का रे?"

सहदेव होता. केस दाट, पांढरे. अंगात कोरा पांढरा शर्ट, घडीच्या रेघा अजून गेल्या नव्हत्या.

"शर्टावरून," मी म्हणालो.

तो हसला. "पोराने पाठवला मुंबईवरून. बोलला, बाबा, फोटो हाय तर नवा घाला. किती वर्सांनी आलास?"

"अठरा."

"बरा हायस. तुझं गाव एकदाच सुटलं. आमचं दरसाल सुटतं. जून लागला की तलाठी कागद घेऊन येतो, दरडीचा धोका हाय, खाली शाळेत ऱ्हायला चला. पाऊस सरला की परत वर. सामान बांधून बांधून आमची बायको पॅकिंगमध्ये एकदम एक्सपर्ट झालीय. तुझ्या कंपनीत लावतोस का?"

मी रिटायर झालोय म्हणालो. मग सांगितलं, "आज मी माईकवर बोलणार आहे. शर्टाचं."

तो वडा खायचा थांबला. म्हणजे त्याला आठवत होतं. "येडा हायस काय? लोकं भुकेली हायत. नको सांगू."

"सांगणार."

"बघ बाबा," तो म्हणाला. आणि मग पहिल्या रांगेच्या टोकाला, मला नीट दिसेल असा जाऊन बसला.

प्रकाशने माझी ओळख करून दिली. सातासमुद्रापार राहूनही ज्यांनी आपल्या बॅचचा इतिहास हृदयाशी जपला, असे आमचे विनायकराव. बडोद्याला जाताना समुद्र लागत नाही, पण टाळ्या पडल्या. शाल आली, नारळ आला. शाल मानेला टोचत होती. मी माईक हातात घेतला, सहदेवकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते हे: "माणूस गाव सोडतो, पण गाव माणसाला सोडत नाही."

टाळ्या चारही बाजूंनी झाल्या. सहदेवनेही वाजवल्या. पुढे काय बोललो ते मला सांगता येणार नाही, शर्टाविषयी नव्हतं एवढं नक्की. खाली आलो तेव्हा तो म्हणाला, "चांगला बोललास. आवाज मोठा झालाय तुझा." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग फोटो. एव्हाना प्रत्येकाच्या अंगावर शाल पडली होती. मैदानात तीन रांगा लावल्या. बॅचमधले जे वारले त्यांच्या जागी रिकाम्या खुर्च्या, खुर्चीवर एकेक गुलाब. प्रकाश जुन्या फोटोखालची नावं वाचून एकेकाला जागेवर उभा करत होता. शेवटी सहदेव उरला.

"तू कुठे होतास रे?"

"नव्हतो."

प्रकाश थोडा गोंधळला. मेलेल्यांची व्यवस्था त्याने केली होती, ही केली नव्हती. "मग असं कर ना, सगळ्यांच्या शाली तेवढ्या सांभाळ. फोटोत वाईट दिसतात."

सहदेवने शाली गोळा केल्या आणि आमच्या मागे घंटेजवळ जाऊन उभा राहिला. घंटा तीच आहे. रुळाचा तुकडा असल्यामुळे पुराला ती नेता आली नाही. मी डावीकडून चौथा उभा होतो. मागे वळून पाहिलं. मान अवघडली.

मी रांगेतून बाहेर पडलो आणि त्याच्याकडे गेलो. "शाली दे. माझ्या जागेवर जा."

"मेल्या, गप जा जागेवर. तमाशा नको करू."

"जा म्हणतो ना."

प्रकाश ओरडला, "विनायकराव, अहो, तुमची जागा मोकळी दिसली तर लोकांना वाटेल तुम्ही वारलात!"

"म्हणून तर तो सहदेवला पाठवतोय," पुढच्या रांगेतून सुनंदा म्हणाली. सुनंदा सरकारी दवाखान्यात नर्स होती, कुणालाही सुई टोचताना जो आवाज लावावा तोच तिचा नेहमीचा आवाज. "ये रे सहदेव, उभा ऱ्हा पटकन. तिकडे वरण निवतंय."

"अगो, पण तो मूळ फोटोत नव्हता!" प्रकाश म्हणाला.

"शर्ट होता," मी म्हणालो.

कुणाला काही कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. वर ड्रोनची बॅटरी संपत आली होती. सहदेवने माझ्याकडे पाहिलं, शाली माझ्या हातात दिल्या, वरचं बटण लावलं आणि जाऊन डावीकडून चौथा उभा राहिला. मी घंटेजवळ थांबलो. काय वाटलं, असं आता कुणी विचारलं तर सांगतो: हातात वीसबावीस शाली होत्या, त्यामुळे उकडत होतं.

जेवताना तो माझ्या शेजारी बसला. शर्टाचा विषय दोघांनीही काढला नाही. निघताना त्याने कुळथाच्या पिठाची पिशवी दिली आणि म्हणाला, "पावसात येऊ नको. पावसात आम्ही घरी नसतो."

महिन्याभराने ग्रुपवर शाळेच्या हॉलसाठी केलेल्या फ्रेमचा फोटो आला. वर जुना, खाली नवा, मध्ये काचेवर कोरलेली नावं. नावं प्रकाशने आधीच करून घेतली होती, जुन्या क्रमाने. त्यामुळे खालच्या फोटोत सहदेवच्या चेहऱ्याला माझं नाव आहे. मेळाव्याला न आलेल्या कुणीतरी लिहिलं, "विनायक, एका दिवसात गावची हवा मानवली तुला, तरुण दिसतोस." खाली बारा अंगठे. एक सहदेवचा.

मी प्रकाशला फोन केला. नाव बदलून घ्या, म्हणालो. तो म्हणाला, काचेत कोरलंय, आता कसं बदलणार? मग सहदेवला केला. तो म्हणाला, "ऱ्हाव दे. पोराला दाखवला. बोलला, बाबा, शर्ट मस्त बसलाय."

मूळ फोटो मी शाळेलाच देऊन आलो होतो. तेव्हा महाडचं म्हणावं असं आता माझ्याकडे काही नाही, पीठ होतं तेही संपलं. तिकडे मात्र माझं नाव लिहिलेली एक जागा आहे. त्या जागेवर दुसरा माणूस उभा आहे आणि दोघांचीही तक्रार नाही. गाव या शब्दाचा याहून वेगळा अर्थ मला आता लावता येत नाही. जे तिथे राहिलेत त्यांनी कधी शाळेच्या हॉलमध्ये जाऊन फ्रेम पाहावी, असं मी ग्रुपवर लिहिलं, तेव्हा सुनंदाने उत्तर दिलं की ती पाहून आली. पुन्हा पाणी आलं तर भिजू नये म्हणून फ्रेम पुराच्या खुणेच्या वर लावली आहे, छताला टेकून. खालून नावं वाचता येत नाहीत, चेहरेही ओळखू येत नाहीत. नुसते पांढरे शर्ट दिसतात.