जास्त वाईट कोण, वॉल्टर सर की फ्रेडरिक अंकल?

वॉल्टर सरांचा आवाज काढणं अगदी सोपं. सर्दी झाल्यासारखा सूर लावायचा आणि दर वाक्याला मांडीवर थाप मारायची: "डिफेन्स, बाबांनो, डिफेन्स! बॉल गेला तर जाऊ दे, माणूस सोडू नका!" आम्ही बॉलही सोडायचो आणि माणूसही. सरांना आमच्या कॉलेजची बास्केटबॉल टीम हातात घेऊन सहा वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात एकही मॅच जिंकलेली नव्हती.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये प्रिन्सिपल फादरांनी त्यांना बोलावलं. फादर चर्चमध्ये मिस्सानंतरच्या सूचना वाचल्यासारखे बोलतात. "मिस्टर वॉल्टर. मॅनेजमेंट विचारतंय. सहा वर्षं. काय मिळालं?"

सर घाबरून बोलून गेले, "फादर, माझ्या आधी फ्रेडरिक सर होते ना, त्यांच्या वेळी तर याहून वाईट होतं!"

"मग त्यांना आणा. शनिवारी. ते तसं म्हणाले, तर ठेवू तुम्हाला."

झालं! सरांची नोकरी दुसऱ्याच्या तोंडात जाऊन बसली. "हरणाऱ्या कोचला दुसरं कॉलेज घेतं का रे?" ते मला विचारत होते. मी काय सांगणार, मी तर राखीव खेळाडू.

टीमतर्फे कुणीतरी हवं म्हणून शुक्रवारी मला स्कूटरवर मागे बसवून सर वसईतल्या होळी गावात गेले. फ्रेडरिक अंकल पालकाच्या वाफ्यांना पाणी देत होते. सरांनी विनवणी केली, "अंकल, एवढंच म्हणा, तुमचं जास्त वाईट होतं."

अंकल आधी खाकरतात, मग बोलतात. "का म्हनून? चर्चबाहेर पोरं मला झिरो सर म्हनायची. तू आलास, माझ्याहून जास्त मार खाल्लास, तेव्हा कुठं माझी मान वर झाली. आता परत मी झिरो होऊ?"

सर चिखलातच उकिडवे बसले. "मी गेलो की नवीन माणूस येणार, अंकल. तो जिंकला तर? आता लोक म्हणतात, पोरं बुटकी, ग्राउंड मातीचं. तो जिंकला की म्हणतील, पोरं चांगली होती, हे दोघेच बिनकामाचे."

पाण्याचा पाइप अंकलच्या हातात तसाच वाहत राहिला. दारातून अंकलची बायको, अँजेलिना आंटी, ओरडली, "जाऊन सांगा की ओ! सगळ्या गावाला म्हाईत हाय, तुम्ही काय लपवता?"

शनिवारी अंकल लग्नातला कोट घालून फादरांच्या ऑफिसात आले. टीमतर्फे मीही होतोच.

"फ्रेडरिक. तुमच्या वेळी. याहून वाईट होतं?"

"होतं, फादर."

सरांनी श्वास सोडला. अंकलने तिथंच थांबायला हवं होतं.

"फक्त ती बोरिवलीवाल्यांबरोबरची मॅच सोडून! एका पॉइंटने हरलो, फादर! अख्खी वसई उभी राहिलेली!" अंकल स्वतःही उभे राहिले आणि फादरांच्या टेबलावर तळहाताने नसलेला बॉल आपटायला लागले. "एवढा जवळ वॉल्टर कधी आला नाय!"

सर खालून कोट ओढत होते. "अंकल, बसा. अंकल, प्लीज."

"म्हणजे," फादर म्हणाले, "तेव्हा बरं होतं."

"बरं म्हंजे काय! पाच सेकंद राहिलेले, बॉल आमच्याकडे..."

"मग टाइमआउट का नाही घेतलात?" सर एकदम बोलले. नोकरीबिकरी विसरून, मांडीवर थाप मारून. "पाच सेकंद आहेत, बॉल आपला आहे. खेळ थांबवायचा, शॉट कुणी मारायचा ते पोरांना सांगायचं! टाइमआउट शिल्लक नव्हता?"

अंकलचा हात हवेतच राहिला. "होता."

"मग?"

"विसरलो." अंकल खाली बसले. "पोरं माझ्याकडं बघत होती. मी नुसता ओरडत होतो." मग खाकरलेसुद्धा नाहीत. "माझं जास्त वाईट, फादर. खरंच सांगतो. माझंच."

फादरांनी पेनाला टोपण लावलं होतं. "सोमवारी नवीन सर येतील. स्टोअररूमची चावी ठेवून जा, मिस्टर वॉल्टर."

चावी रिंगमधून निघेना. सरांनी नखाने, मग दाताने ओढून पाहिली. शेवटी घराच्या चाव्यांसकट सगळा जुडगाच टेबलावर ठेवला. तरी अंकलचं चालूच होतं.

"दोन होते, फादर. एक नाय, दोन टाइमआउट होते माझ्याकडं."